परसरामचा पहिला दगड

बापाच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी रिता गायधने सकाळी घराबाहेर पडत होती. तिच्या मायनं, जनाबाईनं, दाराला टेकवलेला काळा दगड उचलला आणि तिच्या पिशवीत टाकला.

"हा कायले?"

"परीक्षा आहे ना आज तुही. बाबा राहीन सोबत."

"अन् दार?"

"आदळन एक दिवस."

कवठाएवढा तो दगड म्हणजे मॅंगनीजचा तुकडा. रिताचा बाप परसराम चौतीस वर्षं चिखल्याच्या खाणीत उतरला. पहिल्या पाळीवरून वर येताना त्यानं तो जेवणाच्या डब्यात घालून आणला होता. घरात नव्यानं आलेल्या जनाबाईनं विचारलं होतं, "हे खाऊ का?" तेव्हापासून तो दाराशी होता. परसराम झोपेतच गेला. सकाळी त्याचा चहा निवून गेला, तेव्हा कळलं.

रिता रडली नव्हती. तेरवीच्या पंगतीत तिनं वरण वाढलं, "घ्या ना अजून" म्हणाली. बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. ती वाढतच राहिली.

खाणीच्या कॉलनीमागची जुनी खदान कित्येक वर्षं पाण्यानं भरलेली आहे. तिथं समुद्राकडच्या एका संस्थेनं महिनाभराचं प्रशिक्षण ठेवलं होतं. माणसाशिवाय पाण्याखाली जाऊन तळाचा नकाशा काढणारं यान कसं चालवायचं, ते शिकवायला. शिकणारे चौघं, संस्थेच्या जहाजावर जागा एक, आणि आज शेवटची परीक्षा. रिताला ती जागा पाहिजे होती. म्हणजे तेरा दिवसांपूर्वी पाहिजे होती. आता पाहिजे का, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पण परसरामला तिनं सांगून ठेवलं होतं.

"समुद्राच्या तळाशी मॅंगनीज आहे, बाबा. आलूसारखे गोळे. उघड्यावर पडले आहेत."

"उघड्यावर? कोणी नेत नाही?"

"पाच हजार मीटर खाली आहेत."

परसराम घास हातात धरून थांबला होता. "ऊन नसन तिथं."

"नाही."

"मंग आमच्यासारखंच. जाय."

खदानीवर शिकवणाऱ्या टीना मॅडम उभ्या होत्या. त्या किनाऱ्यावरच्या, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. "पाण्याखाली यानाला दिशा होकायंत्र सांगतं. आधी या लाकडी घोडीवर ठेवून त्याला चहूबाजूंनी फिरवायचं आणि ते यंत्र जुळवून घ्यायचं. त्या वेळी जवळ लोखंड नको. घड्याळं, मोबाईल, पट्टे, सगळं लांब."

शिकणाऱ्यांपैकी बपेरा गावच्या कुलदीपनं पट्टा काढला आणि पँट हातानं धरली. "माह्या इज्जतीची जबाबदारी कोणाची, मॅडम?"

कोणी हसलं, कोणी नाही. रितानं पिवळं यान घोडीवर चढवलं. घोडीचा एक पाय डुगडुगत होता. चिखल्यात काहीही डुगडुगलं की माणूस जे करतो, तेच तिनं केलं. पिशवीतला दगड काढून पायाखाली सरकवला. घोडी स्थिर झाली. तिनं यान फिरवलं, आकडे जुळले, यान पाण्यात सोडलं.

नांगराच्या तासांसारखं त्यानं सरळ जायचं, वळायचं, शेजारून परत यायचं. दहा मिनिटांनी ते ठरल्या जागी वर आलं नाही. पार पलीकडच्या काठाला, बेशरमच्या झुडपात पिवळं काहीतरी धडपडत होतं.

"तुही मरळ मासोळी तं बपेऱ्याले निघाली वं!" कुलदीप ओरडला.

यान ओढून आणल्यावर मॅडम साधं होकायंत्र हातात घेऊन घोडीभोवती फिरल्या. एका पायापाशी काटा सर्रकन वळला.

"हे काय ठेवलंय?"

"दगड."

"यात लोखंडही मिसळलेलं आहे, काट्याला ओढतो हा दगड. तुमच्याच गावचा ना? तुम्हाला माहीत नाही?"

"आमच्या गावात सारं यावरच टेकलं असते, मॅडम."

मॅडमनी यानाच्या बॅटरीचा आकडा पाहिला. "बॅटरी एका फेरीपुरती आहे. शंभर पावलं लांब ठेवून या. लवकर."

"पाण्यात टाक ना," कुलदीप हळूच म्हणाला. "कायले फिरून राहिली?"

"बाबाचा आहे."

"मंग जाय बाई, जाय."

शंभर पावलांवर खाणीतून काढलेल्या दगडांचा ढीग होता. तिनं दगड ढिगाच्या माथ्यावर ठेवला आणि पळत परत आली. घोडीखाली या वेळी लाकडाची ढलपी लावली.

यान सरळ गेलं. वळलं. शेजारून परत आलं. पडद्यावर खदानीचा तळ उमटू लागला, कोणे एके काळी माणसांनी खोदलेल्या पायऱ्या, एकीखाली एक. सगळे पुढं सरकून पाहत होते. रिता आकडे लिहीत होती.

संध्याकाळी मॅडमनी तिचं नाव घेतलं. "ऑक्टोबरात जहाज निघेल. तीन महिने. घरी सांगा."

"हो."

"पेढे कुठं आहेत?" कुलदीप म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

ती ढिगाकडे गेली. मधल्या वेळात तिथून शेळ्या चढून गेल्या होत्या. माथा घसरून पसरला होता. काळे दगड, सगळे काळे, त्यात कवठाएवढे पन्नास तरी. तिनं एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. रोज झाडताना दाराचा दगड माय उचलायची. रिता फक्त ओलांडून जायची. तो दिसतो कसा, हे तिनं चोवीस वर्षांत पाहिलंच नव्हतं.

तिनं त्यातला एक घेतला.

"झाली परीक्षा?" मायनं दारातच विचारलं.

"झाली. ऑक्टोबरात जायचं आहे."

जनाबाईनं मान हलवली. दगड हातात घेतला. इकडून तिकडून फिरवला. परसरामच्या दगडाची एक बाजू दार घासून घासून गुळगुळीत झाली होती, ती तिचा अंगठा शोधत राहिला.

"हाच का?"

"हाच."

मायनं तो दाराशी ठेवला. वारा आला. दारानं दगडाला वीतभर ढकललं आणि थांबलं.

"बसन," जनाबाई म्हणाली. "घासून घासून बसन. तू हात धू."

रितानं हात धुतले. पाणी काळं झालं, मग पांढरं. ती ताट घेऊन बसली आणि दाराकडे पाहत राहिली.