सुगतशी चाललेला वाद

त्या सकाळी आमच्या नळाला पाणी आलं होतं, म्हणून फोन उचलला नाही. आठवड्यातून एकदा येणारं पाणी. एका हातात पाइप, पुढे ओळीनं ड्रम. भरून झाल्यावर पाहिलं, तर सुगतच्या बायकोचे, रेखावहिनींचे कॉल. लावला. "हे गेले, वैशालीताई. झोपेतच." मी बरं म्हणाले आणि ड्रमांवर झाकणं ठेवत राहिले... रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या बसमध्ये.

वाळूजच्या एका कारखान्यात सुगतनं आणि मी जवळजवळ आख्खी नोकरी शेजारी बसून काढली. मालाच्या आणि गाड्यांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये असतात, तो सांभाळायचं आमचं काम. तो दोन सर्व्हरवर मिळून चालतो; एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो. नोंदी दोघांच्या सामायिक डिस्कवर, त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. तेही सामायिक डिस्कवर एकदाच टाकायचं, की प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर वेगळं? सुगत म्हणे, एकदाच. एका जागी असलं की निगा एकदाच राखायची. मी म्हणे, वेगळं. एकुलत्या एका प्रतीत गडबड झाली तर दोन्ही सर्व्हर आडवे आणि गेटवर गाड्यांची रांग. मी हट्टाला पेटले की ऐकत नाही. शेवटी वेगळं झालं.

त्यामुळे प्रत्येक सुधारणा दोनदा करावी लागे, रविवारी, कारखाना शांत असताना. आधी एका सर्व्हरवर मी करायचे, मग दुसऱ्यावर तो. दोन्हीकडे तंतोतंत तेच हवं, म्हणून मी मघाशी काय केलं ते पायरीपायरीनं मोठ्यानं वाचायचे, तो हो म्हणायचा, मगच पुढे. माझ्या हट्टापायी त्याचा रविवार जातो, अशी कुरकुर दरवेळी व्हायची आणि डबा मात्र तो दोघांपुरता आणायचा.

दुष्काळाच्या वर्षांत तो हर्सूलला नव्या इमारतीत राहायला गेला. काल-परवापर्यंत तिथं ज्वारी असायची. टाकी सगळ्यांची एकच, टँकरवर भरणारी. ती एकदा फुटली आणि इमारत कोरडी पडली. मला आयतंच सापडलं. बघ तुझं सामायिक, असं म्हणून मी त्याला पुरेपूर चिडवलं. तो शांतपणे डबा बंद करत म्हणाला, "आमची टाकी आटली की समदे जिन्यात जमतो. कोण आजारी हाय, कुणाकडं पाव्हणे आलेत, लगेच कळतं. तुमच्या गल्लीत ज्याचं त्याचं झाकण बंद. तुझा ड्रम रिकामा हाय हे सांगशील तरी का कुणाला?" मी नाक मुरडलं. घरी मी एकटीच, आणि त्या आठवड्यात ड्रम खरंच रिकामे होते. संध्याकाळी स्कूटरवर पाण्याचे दोन कॅन घेऊन तो दारात उभा राहिला. मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं...

तो गेला त्याच सुमारास नवे सर्व्हर आले. साहेब म्हणाले, आता तुम्ही एकट्याच. सॉफ्टवेअर एकदाच टाकलं तर काम निम्मं होईल, पण निर्णय तुमचा. माझी बाजू सोडायची म्हणजे आमचे रविवारही सोडायचे. मला ते नको होतं. मी मुदत मागून घेतली. तेवढ्यात जुन्या सर्व्हरांची एक सुधारणा आली. पहिला सर्व्हर नीट पार पडला. दुसऱ्यापाशी बसले, सवयीनं पहिली पायरी मोठ्यानं वाचली आणि थांबले. हो म्हणायला कुणी नव्हतं. खोलीत नुसता पंख्यांचा आवाज. उरलेलं मुकाट्यानं केलं, आणि सोमवारी साहेबांना सांगितलं, सामायिक करू. त्यांना नवल वाटलं. मीही कारणं सगळी कामाचीच दिली. प्रत राखून ठेवू, सुधारणेपुरता कारखाना थांबवू वगैरे. खरं कारण त्यांना काय सांगणार?

परवाच्या रविवारी नव्या सर्व्हरांवर सॉफ्टवेअर टाकलं. एकदाच. दुपारच्या आत काम आटोपलं, असं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. गेटवर येऊन बराच वेळ उन्हात उभी राहिले. सुगत वाद जिंकला, हे ज्याला सांगून चिडवून घ्यायचं, तो नव्हता. घरी जावंसं वाटेना आणि दुसरीकडे कुठे जावं, ते सुचेना.