अक्काचं रिंगण

आमच्या घरात ताप एकट्यादुकट्याला कधी आला नाही. भवानी पेठेतली दहा बाय दहाची खोली, माणसं सहा. थंडीत धाकट्याला खोकला लागला की आठवड्यात सगळी आडवी. आईचे विड्या वळणारे हात थांबले की चूलही थांबे.

शेजारची अक्का कारखान्याच्या ओट्यावर आईच्या सुपाला सूप लावून विड्या वळायची. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती आधीच गेली होती. दर थंडीत साध्या फ्लूनंही ती पंधरा दिवस उशीला टेकून बसून काढायची. आडवी झाली की दम लागे.

कोरोनाच्या वर्षी विडी कारखान्याच्या ओट्यावर खडूची रिंगणं आली. एका रिंगणात एक बाई. त्या थंडीत अक्का आजारी पडली नाही. आमच्या घरीही कुणी खोकलं नाही.

"बघ की, आपला नेहमीचा तापबी औंदा आला न्हाय," ती म्हणाली. "माणसं लांब बसली की."

मी बारावी सायन्सला. ऐटीत म्हटलं, "एका वर्षावरून असं ठरवता येत नाही, अक्का. मास्क होते, शाळा बंद होत्या."

"मग रिंगणं गेल्यावर बघू की."

रिंगणं पुसली गेली. बाया पुन्हा खांद्याला खांदा लावून बसल्या. त्या थंडीत गल्ली पुन्हा खोकू लागली आणि अक्का महिनाभर उशीला टेकली. उठली ती रांगोळीचा डबा घेऊनच. रोज ओट्यावर आपल्यापुरतं रिंगण काढायची आणि आत बसायची. घरी दारातही तसंच.

"अक्काला आमचा वास येतोय," बाया म्हणायच्या. विड्या तपासणारा चेकर हसायचा, "कोरोना संपला की अक्का. ही पूजा कुणाची मांडलीय?"

"माझ्या छातीची," अक्का म्हणायची.

बी.एस्सी.ला सरांनी फळ्यावर तेच शिकवलं: गर्दी मोडली, माणसांत अंतर ठेवलं की फ्लूचा फैलाव मंदावतो. मी धावत येऊन सांगितलं. अक्का वर न बघता म्हणाली, "तुज्या सरांना म्हणावं, ओट्यावर या एकदा."

पदवीचा कागद हातात आला तेव्हाही थंडीच होती. आमच्या घरात कुणी कॉलेजचं दारही पाहिलं नव्हतं. मला दोन दिवस कणकण होती, तरी पेढे घेऊन अक्काकडे गेले.

"तितं उंबऱ्यावर ठेव. घेते मी."

मला लागलं ते. "आजपण? मी काय परकी आहे?"

अक्कानं पायानं रांगोळी पुसली. "ये."

मी तिला पेढा भरवला. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पंधराव्या दिवशी ती गेली. माझ्याकडूनच ताप गेला याला पुरावा नाही. पुरावा कशाला म्हणतात ते मी शिकले आहे, म्हणून सांगते, मला शंकाही नाही.

मातीला आलेल्या बाया एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, खोकत होत्या. "एवढं जपून काय झालं?" एक म्हणाली. मी बोलले असते तर पेढ्याचंही सांगावं लागलं असतं.

कारखान्याच्या मालकाकडे मी चार वेळा गेले. तीनदा त्यानं हाकललं. चौथ्यांदा अर्जाला पदवीची झेरॉक्स जोडली. आता ओट्यावर ऑइलपेंटची चाळीस रिंगणं आहेत. बाया कुरकुरतात, पण आत बसतात.