माझ्या टेबलावर ‘चालतंय’ चालणार नाय

“माझ्या टेबलावर ‘चालतंय’ चालणार नाय,” असं म्हणत ताई डावा डोळा मिटायच्या आणि हातातला शाफ्ट, म्हणजे मशिनवर घडवलेला पोलादी दांडा, खिडकीच्या उजेडात धरायच्या. नुसत्या डोळ्याने त्यात काही कळत नसे, हे त्यांनाही ठाऊक होतं. मोजायला टेबलावर पोलादाची जाड कडी होती. तिला आम्ही रिंग म्हणायचो. शाफ्ट रिंगमधून सरळ गेला तर पास, अडला तर जाड, म्हणजे परत मशिनवर. पण आधी डोळा मिटायचा, मग रिंग उचलायची, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही.

सातपूरच्या त्या लहानशा कारखान्यात ताई तपासणीला होत्या आणि मी शेजारीच डिस्पॅचला. त्यांनी पास केलेला माल मी खोक्यांत भरायचा, काट्यावर चढवायचा आणि चलन लिहायचं. शेडच्या छपरात मधूनमधून पारदर्शक पत्रे होते. सकाळी त्यांतून उन्हाचे पट्टे उतरायचे, मशिनवरच्या तेलाचा धूर त्यांत तरंगत राहायचा आणि त्या दुधाळ उजेडात ताई बसलेल्या असायच्या. आता ते दिवस आठवायला गेलं की त्यांत मशिनचा आवाज काही केल्या येत नाही. नुसता तो उजेड आठवतो आणि त्यातला एक मिटलेला डोळा.

“ताई, केसाएवढा फरक आहे, चालतंय,” असं एखादा ऑपरेटर गयावया करायचा. ताई त्याच्या टकलाकडे बघायच्या. “केस? तुला रे काय माहीत किती जाड असतो?” बिचारा हसत हसत माल परत न्यायचा.

ताई अंगाने चांगल्याच जाड होत्या. वजन तीन आकडी. त्यांच्या खुर्चीला हात नव्हते, कारण हात असलेल्या खुर्चीत त्या मावत नसत. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगून टाकलं, उगाच माझ्या मनात प्रश्न नको म्हणून. त्यांना स्वप्नं फार पडायची आणि सकाळी आल्या आल्या ती मला ऐकवायच्या. एक स्वप्न तर ठरलेलं. त्या त्र्यंबकच्या बसमध्ये बसल्या आहेत, खिडकीबाहेर भाताची खाचरं सरकताहेत आणि कंडक्टर त्यांना दोन तिकिटं फाडून देतो. “मी म्हणते, अहो, मी एकटीच हाय. तर तो म्हणतो, तेच तर.” एवढं सांगून त्या खदखदून हसायच्या. मीही हसायचे. त्या हसण्यात काय होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गुडघे फारच बोलायला लागले तेव्हा त्यांनी वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाचा मोठा भाग काढून केळ्याएवढं पोट ठेवतात, ते ऑपरेशन. महिन्याने त्या कामावर आल्या. मग दर शुक्रवारी सुट्टीच्या आधी त्या माझ्या माल मोजायच्या काट्यावर उभ्या राहायच्या. अख्खी शेड जमायची. मी आकडा मोठ्याने वाचायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. वर्षभरात ताई अर्ध्याहून जरा जास्त उरल्या. ब्लाउज चारदा आत घेऊन शिवून झाले. एका सकाळी येऊन म्हणाल्या, “काल एकच तिकीट फाडलं गं त्याने.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी त्यांना मिठी मारली. पहिल्यांदाच माझे हात त्यांच्या पाठीमागे एकमेकांना भेटले.

पुढचं इतकं हळू घडलं की कुठून सुरू झालं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पोळी त्यांच्या छातीशी अडायची. भात अडायचा. चहात बुडवलेला टोस्ट मात्र अलगद उतरायचा. “बघ, हे कसं सुरळीत जातंय,” त्या कौतुकाने म्हणायच्या. आपल्याकडे चहाला खाणं कोण म्हणतं? कुणाकडे गेलं आणि ‘जेवत नाही’ म्हटलं, तर ‘चहा तरी घ्या’ ठरलेलं. त्यांच्या कॉलनीत बुद्धपौर्णिमेला खीर असायची. तीही वाटीने प्यायचीच गोष्ट. ताई दिवसाला जे चावायच्या त्याचा काटेकोर हिशोब ठेवायच्या, आणि जे प्यायच्या ते कशातच धरत नव्हत्या. त्यात मीही होते. माझ्या कपातला अर्धा चहा मीच त्यांच्या बशीत ओतायचे, प्रेमाने.

तिसऱ्या वर्षी कधीतरी शुक्रवारचं काट्यावर उभं राहणं बंद झालं. आधी ‘आज घाई हाय’, मग ‘पुढच्या शुक्रवारी’. नंतर मला दिसलं, की पाण्याच्या माठाकडे जाताना त्या काट्याला वळसा घालून जातात. सरळ वाट चार पावलांची होती. त्या खोक्यांच्या थप्पीमागून जायच्या.

दवाखान्यातून फोन यायचा, तपासणीला या म्हणून. ताई मशिनच्या खडखडाटात उभ्या राहून सांगायच्या, “मी माहेरी आलेय, घोटीला.” एकदा तिकडच्या मुलीने विचारलं असावं, की घोटीला एवढा आवाज कसला? ताईंनी पापणीही न हलवता सांगितलं, “भाताची गिरणी हाय शेजारी.” फोन ठेवल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता त्या एकदम थांबल्या आणि रिंग हातात घेऊन नुसत्याच फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “काल पुन्हा दोन फाडली.”

मला बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. ज्या बाईने स्वतःचं पोट कापून घेतलं, तिला ‘वजन वाढलंय’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग तो माल परत आला. एका मोठ्या कंपनीने आमची अख्खी खेप परत पाठवली. शाफ्ट जाड. मालक ओरडत आले, ऑपरेटरांनी हात वर केले, ताईंनी एकेक शाफ्ट रिंगमधून घालून दाखवला. सगळे आरपार जात होते. शेवटी ती रिंगच तपासायला पाठवली आणि उत्तर आलं, रिंग झिजली आहे. रोज शेकडो शाफ्ट तिच्यातून जाऊन जाऊन तिचं भोक मोठं झालं होतं. ती सहा महिन्यांनी तपासून घ्यायची असते. ती तारीख ताईंच्याच हातून निसटली होती. मालकांनी त्यांना फार बोल लावला नाही, पण ताईंना तेवढंही पुष्कळ होतं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्या टेबलाशी बसून होत्या. डबा उघडलेला नव्हता. “रोज हातात होती गं,” त्या म्हणाल्या, “म्हणून कळलंच नाय. जाड माल पास होत गेला आणि मी आपली हो म्हणत गेले.”  मग त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. “अगं, मी मलाबी पास करत होते.”

त्या उठल्या आणि खोक्यांच्या मागून न जाता सरळ काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. शेडमध्ये आम्ही दोघीच. “वाच,” त्या म्हणाल्या. मी आकडा वाचला. जेवढं उतरलं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त परत आलं होतं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि मला तर तोंड वर करून बघवेना. “सोबत येशील का दवाखान्यात?” त्यांनी विचारलं. एवढं विचारायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर त्यांनी तीनदा पळून जायचा बेत केला. एकदा तर म्हणाल्या, “चल, आधी खाली चहा घेऊ,” आणि मग जीभ चावली. त्यांना ओरडा बसण्याची भीती नव्हती. आपल्यासाठी कापाकापी करून या लोकांनी एवढं केलं आणि आपण ते वाया घालवलं, ही लाज त्यांना खात होती. आत एक पोरसवदा आहारतज्ज्ञ होती. तिने सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारलं. ताईंनी सांगितलं, अर्धी पोळी, चमचाभर वरण. मी मधेच म्हटलं, “आणि चहा?” ताई गोंधळून त्या मुलीकडे बघायला लागल्या. “चहा धरायचा असतो का?”

ती मुलगी हसली नाही, याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी आहे. ती म्हणाली, “टोस्टसकट धरायचा, मावशी. तुमचं ऑपरेशन वाया गेलेलं नाही. पोट अजून लहानच आहे. तुम्ही त्याला चकवून चहातून वाट काढलीत, एवढंच. असं पुष्कळांचं होतं, फक्त ते परत येत नाहीत. तुम्ही आलात.” ताई तिथंच रडल्या, पदर तोंडात धरून, लहान मुलीसारख्या. ताईंनी मधेच बंद केलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आधी अंडं किंवा उसळ, मग जागा उरली तर भाकरी. पाणी जेवणासोबत नाही. चहा दिवसातून एकदा, बिनसाखरेचा, आणि टोस्टचा डबा घराबाहेर.

आणि चालणं. शनिवारी सुट्टीला आम्ही पहाटे त्रिरश्मी लेण्यांवर जायला लागलो. थंडीत तिथं धुकं इतकं दाट, की पुढच्या चार पायऱ्या दिसायच्या आणि मागच्या चार. बाकी डोंगर, गाव, कारखाने, काही नसायचंच. ताई दहा पायऱ्या चढायच्या, थांबायच्या, पुन्हा दहा. मी त्यांच्या श्वासाच्या आवाजावर चालायचे. एका सकाळी आम्ही वर पोचलो तेव्हा लेण्यातल्या थंड अंधारात त्या कितीतरी वेळ डोळे मिटून बसल्या. मी बाहेर पायरीवर बसून होते. खाली धुकं विरत होतं आणि त्यातून एकेक इमारत वर येत होती. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “आज कुठंच काय दुखत नाय बघ.” मला वाटलं, आपण स्वप्नातच आहोत आणि या वेळी ते दोघींना मिळून पडलंय.

आलेलं वजन सगळं गेलं नाही. वर्षभरात निम्मं गेलं, उरलेलं मुक्काम करून राहिलं. टाळ्यांचा कार्यक्रमही पुन्हा झाला नाही. शुक्रवारी त्या काट्यावर चढायच्या, आकडा एका जुन्या वहीत लिहायच्या आणि उतरून कामाला लागायच्या. वाढला तरी लिहायच्या. तो आकडा लिहिताना त्यांचा चेहरा मी चोरून बघायचे. त्यावर काहीच नसायचं.

मग त्यांचे मिस्टर निवृत्त झाले आणि दोघं जळगावला मुलीकडे राहायला गेली. तपासणीच्या टेबलावर आता एक तरुण मुलगी बसते. ती डोळा मिटत नाही, सरळ रिंग उचलते. काम चांगलं करते. तरी सकाळी उन्हाचे पट्टे उतरले की माझी मान तिकडे वळते आणि क्षणभर मला कळत नाही की हे कोणतं वर्ष आहे.

परवा सकाळी मी बसस्टॉपवर उभी असताना फोनवर त्यांचा निरोप आला, बोललेला. “अगं, तीन किलो वाढलं बघ पुन्हा. नातवाच्या बारशात जिलेबी झाली. इथल्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय.” गॅस संपलाय, नंबर लावलाय, असं सांगावं तसा आवाज. मी तो दोनदा ऐकला. आवाजात लाज शोधली, ती कुठंच सापडली नाही.  मग मी एवढंच विचारलं, “ताई, सोबत कोण येणार आहे?”

उत्तर लगेच आलं.

“आता कशाला सोबत लागते गं?”