थिरथिऱ्याची शेवटची तारीख

होळीनंतरच्या मंगळवारी सकाळी माझे यजमान बागेतून आले, खुर्चीत बसले आणि गेले. पायांत बूट होते. चहा ओट्यावर होता.

त्या दिवशीची नोंद राहिली. नोंद थिरथिऱ्याची. चिमणीएवढा हा पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येई, बागेत माळ्याच्या हौदापाशी मुक्काम करी आणि ऊन तापू लागलं की परत जाई. काळं अंग, विटकरी पोट, सारखी थरथरणारी शेपटी. तो आल्याची तारीख लिहिणं सोपं असतं. गेल्याची मात्र तो गेल्यावरच कळते. म्हणून मार्च लागला की हे रोज वहीत पेन्सिलीनं तारीख लिहीत. दुसऱ्या दिवशी पक्षी पुन्हा दिसला की आदली खोडून नवी. जी खोडावी लागली नाही, ती त्या वर्षाची शेवटची.

तुकोगंजातले एक निवृत्त इंजिनिअर यांच्याबरोबर फिरायला असत. ते चिडवत, "भिया, चिड़िया की हाजरी ले रिये हो? छुट्टी की अर्जी दी इसने?"

"आपसे तो टाइम पे आता है," हे म्हणत.

ते गृहस्थ बुधवारी भेटायला आले. मी म्हटलं, "हौदाशी तो पक्षी आहे का, तेवढं रोज पाहून सांगाल?" काहीतरी काम मिळाल्यासारखे ते उठले.

गुरुवारी त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. लांबून काढलेला, हौदाच्या कठड्यावर काळा ठिपका, खाली किंचित विटकरी. "भाभीजी, हाजिर है अपना वाला." मी वही काढली, सोमवारची तारीख खोडली, गुरुवारची लिहिली. सोमवारची यांनी लिहिलेली होती. पण नियमच तसा होता, म्हणून हात थांबला नाही.

पुढे रोज फोटो येत राहिला आणि मी रोज खोडत, लिहीत राहिले. तरी चैन पडेना. पुस्तक उघडलं की त्याच पानावर तासभर जाई. गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा गॅलरीत. ऊन वाढत होतं. पक्षी आज जाईल, उद्या जाईल, आणि मी इथे चटईवर बसून लोकांना पाणी देत असेन.

देवासहून आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, जरा बस ना. पायाला भिंगरी लागलीय का?"

"बागेत जाऊन येते. दहा मिनिटं."

"तेरावा तरी होऊ दे. कोणी आलं तर काय सांगू? चिड़िया देखने गई हैं?"

मी बसले. तिचे डोळे सुजलेले होते. तिचा तर भाऊ गेला होता.

चौदाव्या दिवशी मी बागेत गेले. इंजिनिअर फाटकाशीच उभे होते. हौदापाशी येताच त्यांनी बोट दाखवलं. "वो देखो. कल भी येईं था."

कठड्यावर काळा पक्षी होता. विटकरी रंग फक्त शेपटीखाली. शेपटी सरळ वर उभारलेली, जराही थरथरत नव्हती. तो चिरक होता. चिरक बारा महिने इथेच असतो.

"पहिल्या दिवशीही हाच होता?" मी विचारलं.

"हाँ भाभीजी, येई तो है. पूँछ उठा के सलाम करता है रोज." मग माझ्याकडे पाहत, "क्यों, ठीक है ना?"

उन्हातून रोज येऊन त्यांचा चेहरा रापला होता. मी म्हटलं, "ठीक है."

घरी येऊन सगळे फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येकात शेपटी उभी होती. पहिल्याच दिवशी एवढं केलं असतं तर कळलं असतं. थिरथिरा अजून आहे असं मला हवं होतं, म्हणून मी पाहिलं नाही.

मग मी माझी शेवटची तारीख खोडली. कागद तिथे पातळ झालाय. यांनी त्या मंगळवारी तो पाहिला की नाही, हे विचारायला आता कोणी नाही. इंजिनिअरना पक्षी सगळे सारखेच. नक्की पाहिलेला दिवस सोमवारच. तीच तारीख मी पुन्हा लिहिली.

आकडे तेच आहेत. अक्षर माझं आहे.