मागच्या मडगार्डचा पोचा

तुमचा चहा येईपर्यंत सांगून टाकतो, नाहीतर आमची ही सांगेल, आणि ती सांगते तेव्हा मी आणखी मूर्ख दिसतो. मूर्खपणा केला हे आधीच कबूल करतो. फक्त तो किती मन लावून केला, ते माझ्याकडूनच ऐका.

मी चाकणला मोटारींच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. माझं काम काय, तर रंगाला जाण्याआधी गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवायचा. पांढरे हातमोजे घालायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि दारावरून, बॉनेटवरून, मडगार्डवरून सावकाश हात न्यायचा. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं. हात थांबला, की तिथे खोट. खडूने गोल करायचा आणि गाडी बाजूला काढायची.

इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं? लग्नात रुखवत बघायला गेलो तरी मी कपाटावरून हात फिरवतो. शेजाऱ्यांनी नवा फ्रिज घेतला, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि मी त्याच्या दाराला मागच्या अंगाला पोचा आहे हे शोधून दिलं. तेव्हापासून आमच्या रावेतच्या सोसायटीत नवी वस्तू आली की मी कामावर गेल्यावर ती घरात नेतात.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे. निगडी प्राधिकरणात त्यांचं छोटंसं घर आहे आणि त्या घरात मावत नाही अशी एक जुनी अमेरिकन गाडी आहे. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात फोरमन होते. तिथले मोठे साहेब गाव सोडून निघाले तेव्हा त्यांनी गाडी विकायला काढली, आणि घरात साधी स्कूटर नसताना अण्णांनी ती घेतली. स्टिअरिंग डावीकडे, शेपटीला दोन पंख, आणि लांबी एवढी की गाडी आत घेतली तर गेट लागत नाही. सासूबाई म्हणायच्या, आपण गाडी घेतलेली नाही, गाडीने आपल्याला ठेवून घेतलंय.

मला जुन्या गाड्यांचं पहिल्यापासून वेड. खरं सांगू का, लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हा मुलीच्या आधी मी ताडपत्री वर करून गाडी बघितली होती. हे आपल्यातच राहू द्या.

सासूबाई गेल्या आणि अण्णांनी घराबाहेर पडणंच सोडलं. सकाळचं फिरणं बंद, बागेतले मित्र बंद. मित्र घरी आले तर अण्णा आतून स्वतःच ओरडून सांगायचे, "मी झोपलोय." माझ्या बायकोचा, वर्षाचा, जीव तुटायचा.

"अहो, काहीतरी करा," ती म्हणाली. "अण्णा असे भिंतीकडे बघत बसलेले मला बघवत नाहीत."

मी म्हटलं, गाडी चालू करू. अण्णांना तिच्यात बसवून एक चक्कर मारून आणू. माणूस एकदा बाहेर पडला की पडला.

आणि राव, औषध लागू पडलं. दर रविवारी मी रावेतहून जायचो, अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसायचे. पहिल्याच दिवशी मी माझा पान्यांचा डबा उघडला, तर अण्णा म्हणाले, "जावईबापू, तुमचे चाकणचे मिलिमीटर इथे चालायचे नाहीत. ही इंचवाली बाई आहे." आणि कपाटातून कापडात गुंडाळलेले आपले जुने इंचाचे पाने काढून आणले. मग काय, कार्बोरेटर उघडला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं ते नवीन केलं. अण्णा बोलायला लागले. मला रागवायलासुद्धा लागले. घरात रागावणारा माणूस परत आला म्हणून वर्षा स्वयंपाकघरात डोळे पुसत होती.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काम आटोपलं की आत जाण्यापूर्वी अण्णा गाडीच्या मागे जायचे. उजवीकडच्या मागच्या मडगार्डला एक पोचा होता, चांगला पुरणपोळीएवढा. त्याच्यावरून अण्णा हात फिरवायचे. हात तिथे थांबायचा. मग आत जायचे. दर रविवारी हेच.

तुम्ही काय समजला असता? काहीतरी विचार केला असता ना? मी नाही केला. मला गरजच वाटली नाही. आमच्या लाइनवर हात थांबला याचा अर्थ एकच. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांना तो पोचा खुपतोय, पण जावयाला किती कामं सांगायची म्हणून भिडेने बोलत नाहीत.

मग मी बेत केला. एका रविवारी वर्षाला म्हटलं, तू अण्णांना आळंदीला घेऊन जा, मी एक गंमत करून ठेवतो. ते दोघे गेले आणि मी शिवाजीला बोलावलं. शिवाजी हा आमचा डेंटर, मूळचा लातूरकडचा. त्याने मडगार्ड खोलून आतून ठोकलं, मी बाहेरून हात लावून सांगत होतो. पत्रा असा सपाट झाला की डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे अडेना. वर रंग मारला. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

संध्याकाळी अण्णा आले. मी त्यांना थेट गाडीच्या मागे नेलं. त्यांनी सवयीने हात टेकवला. हात पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. काहीच सापडेना. अण्णांनी हात मागे घेतला.

"छान केलंत," ते म्हणाले आणि आत गेले.

पुढच्या रविवारी खुर्ची बाहेर आली नाही. अण्णा म्हणाले, गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारी ऊन लागतं म्हणाले. गाडीकडची खिडकीसुद्धा लावून घेतली.

आता मी क्वालिटीचा माणूस. गिऱ्हाईक नाराज आहे म्हणजे कामात खोट आहे. मी बारकाईने बघितलं, तर नव्या रंगाची छटा जुन्या रंगापेक्षा किंचित उजळ. सापडलं! मी मडगार्डचा सगळा रंग खरवडला आणि पुन्हा मारला. अण्णांनी खिडकी किलकिली करून पाहिलं. "छान आहे." मग मी बंपरला क्रोम करून आणलं. "छान आहे." मग सीटची कव्हरं. तेही छानच. जितकं छान होत गेलं तितके अण्णा आत आत जात राहिले. इंजिन चालू झालं, दणदणीत चालू झालं, गल्लीतली सगळी बाहेर आली. अण्णा सोडून.

मी पायरीवर डोकं धरून बसलो. वर्षा चहा घेऊन आली.

"मी काय कमी केलं सांग," मी म्हटलं. "ब्रेक केले, वायरिंग केलं. अण्णा दर रविवारी त्या पोच्यावरून हात फिरवायचे, त्यांच्या मनातलं ओळखून तो पोचासुद्धा काढला."

वर्षाचा कप तसाच हातात राहिला. "मागचा पोचा? उजवीकडचा?"

"हो. आळंदीच्या दिवशी गंमत करून ठेवतो म्हणालो होतो, ती हीच."

"मला वाटलं नुसता रंग मारलात," ती म्हणाली. "अहो, तो आईचा होता."

आणि मग मला सगळं कळलं. गाडी नवीन आली तेव्हा अण्णांनी हौसेने सासूबाईंना चालवायला शिकवायचं ठरवलं. सासूबाई डावीकडे बसल्या, गाडी मागे घेतली आणि उजवी बाजू गेटच्या खांबावर घातली. उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "खांब चुकीच्या जागी बांधलाय." त्यानंतर पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. अण्णा म्हणायचे, तू गाडी शिकेपर्यंत हा पोचा मी काढणार नाही. जन्मभर त्यावरून दोघांचं भांडण चाललं होतं, आणि गेल्या वर्षीपासून ते भांडण अण्णा एकटेच, हाताने, करत होते.

मला सांगा, आता तोंड कुठे लपवायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी हात फिरवून केलं. त्या माणसाकडे तिची एवढी एकच वस्तू होती जी कपाटात ठेवता येत नव्हती, आणि ती मी ठोकून सपाट केली. वर दोनदा रंगवली.

मी तडक शिवाजीकडे गेलो. म्हटलं, होता तसा पोचा परत पाडून दे.

शिवाजीने माझ्याकडे असं बघितलं की मी उन्हातून आलोय का. "साहेब, आमी काढतो. पाडायला लोक आपले आपले पाडून आणतात."

शेवटी माझ्या आग्रहाखातर त्याने भंगारातलं एक मडगार्ड आणलं आणि आम्ही सराव सुरू केला. हातोडीने मारलं तर हातोडीची खूण उठली. वाळूची पिशवी आपटली तर नुसता ढप्प आवाज आला. पाटा उचलून मारला, पाटा माझ्या पायावर पडला. वर्षा बाजूला उभी राहून आठवून सांगत होती, "जरा खाली. नाही, अजून पसरट." चाकणच्या माझ्या कंपनीत रोज कोणी ना कोणी नको तिथे पोचा पाडतं, आणि मला मेहनत करून एक पडेना.

"राहू द्या साहेब," शिवाजी म्हणाला. "ह्यो बनावट हाय, हे आंधळ्यालाबी कळंल."

बरोबरच होतं. अण्णांच्या हाताला तर सगळ्यात आधी कळलं असतं.

मग उरलं एकच. मी अण्णांच्या समोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. हातमोजे, खडूचा गोल, शिवाजी, पाटा. म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं. तुम्हाला खुपतंय असं वाटलं मला."

अण्णांनी उठून गाडीकडची खिडकी उघडली. मग म्हणाले, "तुम्हाला कसं कळणार. मी कुणाला सांगितलं होतं?" आणि माझा चेहरा बघून त्यांना माझीच दया आली असावी. खुंटीवरची टोपी घेतली. "चला. एवढे राबलात तर एक चक्कर मारू."

मला गहिवरून आलं. इतके महिने ज्याच्यासाठी खटपट केली ते घडत होतं. अण्णा उजवीकडे बसले, मी डावीकडे स्टिअरिंगवर. इंजिन काय सुरेख लागलं. मी गाडी मागे घ्यायला लागलो. मागे बघायचं ना? मी अण्णांकडे बघत होतो. त्यांना बरं वाटतंय का, एवढंच बघत होतो. त्यांच्या तोंडावर जरा हसू आल्यासारखं दिसलं आणि मागून आवाज आला. तुम्ही ओळखलाच असेल तो आवाज.

तोच खांब. तेच मडगार्ड.

मी उतरलोच नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. अण्णा उतरले, सावकाश मागे गेले. मी आरशात बघत होतो. त्यांनी हात टेकवला. हात पुढे गेला आणि थांबला.

मग अण्णा हसायला लागले. खांबाला धरून, टोपी हातात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वर्षा धावत बाहेर आली, तिला वाटलं रडतायत. ती आधी घाबरली, मग खांब बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि तीही हसायला लागली. बापलेक गेटात उभे राहून हसतायत आणि मी आत, नव्या कव्हरांवर.

अण्णांनी माझ्या बाजूचं दार उघडलं. "सरका. तुम्ही तिकडे बसा."

गाडी त्यांनी स्वतः काढली. खांबाच्या बाजूने अशी अलगद नेली की काय सांगू. थेट बागेच्या फाटकापाशी नेऊन उभी केली. त्यांचे फिरायला येणारे जुने मित्र तिथे चहा पीत होते. सगळे धावत आले, कुणी अण्णांना मिठी मारली, कुणी बॉनेटवर थाप मारली. त्यातले एक काका गाडीला फेरी मारून मागे गेले आणि म्हणाले, "अण्णा, एवढी झकास केलीत, मग हे मडगार्ड असं कसं?"

अण्णा मोठ्या कौतुकाने म्हणाले, "ते आमच्या जावईबापूंचं काम. चाकणला गाड्यांच्या क्वालिटीत असतात."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग जाऊन आपली स्कूटर जरा लांब नेऊन लावली.