आबांच्या हातचा कासरा

चांगल्या डोळस माणसाला मी एकदा आंधळं ठरवलं. सासरी येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. आता नातवंडं विचारतात, आजी, तू लहानपणी हुशार होतीस का गं? मी म्हणते, हो, इतकी की ती हुशारी सासरच्यांना फार महागात पडली.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. माहेर धुळ्याचं, सासर पाचोऱ्याकडच्या खेड्यात. शहरातली म्हणून माझं नाक कायम वर. सासरी शर्यतीच्या बैलांची जोडी होती, एक तांबडा, एक पांढरा. ती हाकायचे सासऱ्यांचे थोरले भाऊ, आबा. आबांना बायको नाही, मूल नाही. पांढऱ्याची आई तो तान्हा असतानाच गेली, तेव्हा आबांनी कापडाच्या बोळ्याने दूध पाजून त्याला वाढवला होता.

गावच्या माळावर वर्षात तीन-चार जत्रा भरत, आणि दर जत्रेला आमची जोडी दुसरी यायची. माळावर धाव संपते तिथून थोडं पुढे नाला होता. आबा शेवट जवळ आला की कासरा खेचायला लागायचे, तेवढ्यात दुसरी जोडी पुढे निघून जायची. आबा मात्र हसत बैलांना गूळ चारत घरी यायचे.

मला राग यायचा. म्हाताऱ्याच्या हातात दम नाही, दुसरं काय! माझा नवरा विशीतला, मनगटं कशी लाकडासारखी. गाडीवर बसायची त्याला भारी हौस, पण बापापुढे तोंड उघडायची छाती नव्हती. ते काम मी अंगावर घेतलं. नवऱ्यासाठी नव्हे हो, मला विहिरीवर बायकांत मिरवायचं होतं.

आबांचं एक मला विचित्र वाटे. मी ओसरीवरून निघाले की ते खाकरत, मान वळवत आणि विचारत, "कोन शे?" मी हातभर अंतरावर, आणि हे कोण आहे म्हणून विचारतात! एकदा तर भिंतीला हात लावत लावत बाजूला झाले. मी मनाशी निदान करून टाकलं.

सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून भाकरी थापता थापता सासूबाईंच्या कानात घातलं. "आत्याबाई, आबा भिंत चाचपत चालतात हो. त्यांना दिसत नाही. गाडीवर काही झालं म्हणजे?"

सासूबाई थोरल्या दिरापुढे कधी येतच नसत, त्यांना काय कळणार? त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. संध्याकाळी ओसरीवर सासरे चाचरत म्हणाले, "भाऊ, यंदा पोऱ्याले बसू द्या. तुमना डोया थकनात."

"कोन म्हने?"

दाराआड माझ्या बांगड्या वाजल्या. आबा उठले, खुंटीवरचा कासरा काढून माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "पांढरा लवकर थांबत नई," एवढंच म्हणाले.

जत्रेत आमची जोडी पहिली आली. मी बायकांच्या गाडीत उभी राहून पदराचं भान सोडून ओरडले. नवऱ्यानेही दोन्ही हात वर केले. कासरा खेचायची आठवण त्याला झाली तेव्हा नाला समोर होता.

गाडी उलटली. नवरा बाजूला फेकला गेला, कोपर सोलपटलं. तांबडा धडपडत उठला. पांढरा उठेना.

आणि माळाच्या त्या टोकाहून आबा पळत आले. काट्याचं कुंपण ओलांडून, दगडधोंड्यांतून, एकदाही न ठेचाळता, सगळ्या तरण्या पोरांच्या आधी. मी बघत राहिले. आंधळा माणूस असा पळतो होय?

पांढऱ्याचा पुढचा पाय मोडला होता. आबा त्याच्याजवळ गोठ्यातच झोपायचे. त्याने खाणं सोडलं तसं यांनीही सोडलं. शेवटी पांढरा गेला, त्याला शेताच्या बांधाशी पुरलं. बक्षिसाचा फेटा खुंटीवर लटकत राहिला, कुणी बांधला नाही. आबांनी पुन्हा कासरा हातात घेतला नाही, आणि माझ्या नवऱ्यानेही.

गाडीवर म्हातारा बरा की तरणा, हा वाद आमच्या ओट्यावर अजून रंगतो. मला कुणी विचारत नाही, तेच बरं. तरणा पळवतो झकास, हे मी याच डोळ्यांनी पाहिलंय. थांबवायचं मात्र एकालाच येत होतं, आणि त्याला मी खाली उतरवलं.

बैल पुरला त्या दिवशी भाकरी घेऊन मी गोठ्यात गेले. रीत मोडून, थेट त्यांच्यासमोर. पांढऱ्याची दावण रिकामी होती आणि आबा तिथेच टेकून बसले होते. रडत रडत विचारलं, "आबा, तुम्हाला दिसतं. मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

आबांनी पहिल्यांदाच मान न वळवता माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बेटा, मना डोया चांगला शेतस. तू नवी व्हती, तुले घरमा मोकळं वाटाले पाहिजे, म्हनीसन मी भिंतकडे देखू, 'कोन शे' इचारू. मंग सगळासना समोर तुले खोटी कशी पाडू?"