गुडघ्याचं औषध, कानातला नाद

ज्यांना ज्यांना दोन कान आहेत अशा तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका चालू संताला मी स्वतःच्या हातानं पुन्हा संसारी माणूस केलं. हे कृत्य मी सरकारी पगारावर, ड्यूटीच्या वेळात आणि कोणतंही हत्यार न वापरता केलं. आता बरीच वर्षं लोटली. खटला भरायची मुदतही संपली असेल. म्हणून सांगतो.

"डाक्टरसाहेब, आमच्या मालकाले देव लागला. उतरवा!"

गिरजाबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. पदर खोचलेला, हाताला पीठ. पोळपाट-तवा टाकून तशाच आलेल्या दिसत होत्या.

"लागला म्हणजे?"

"कानात वाजून राह्यला. दिवसरात्र. थे म्हनते, अनाहत नाद हाये. येत्या पुनवेले घर सोडून चालले. पोरीचं लगन तोंडावर आलं, अन् बाप निघाला संन्यासी व्हाले! मले म्हनते, आता मले नवरा म्हनू नोको."

"मग काय म्हणायचं?"

"महाराज! इतकी वर्सं मी त्यायले नाव घेऊन शिव्या देल्या. आता महाराज म्हनून कशा देऊ, तुमीच सांगा!"

मी हसू दाबलं, कारण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी त्या राज्याचा एक नवाकोरा मेडिकल ऑफिसर होतो. अमडापूरच्या बाजारापासून बैलगाडीच्या रस्त्यानं आत एक गाव होतं. तिथल्या दवाखान्यात दोन खोल्या, एक गळका नळ, वानखडे नावाचे कंपाउंडर आणि मी, एवढाच पसारा होता. गिरजाबाईंचे मालक म्हणजे आत्मारामभाऊ. बऱ्यापैकी शेती, घरात बैलजोडी, स्वभाव गरीब. गुडघे मात्र सुजून नारळाएवढे झालेले. दिवाळीनंतर ते संधिवातासाठी माझ्याकडे आले होते. मी त्यांना सोडा सॅलिसिलेटचं मिक्श्चर दिलं होतं. डोकं दुखलं की आपण ॲस्पिरिन घेतो ना, तिचाच हा पातळ भाऊ. त्या काळी दवाखान्याच्या बाटलीवर दातेरी कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. एक दात म्हणजे एक डोस. आत्मारामभाऊंना ते मी बोट ठेवून समजावलं होतं.

आता अनाहत नाद म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. बाहेर काहीही वाजत नसताना साधकाला आतून ऐकू येणारा आवाज. मोठमोठे योगी त्यासाठी जन्म घालवतात. आत्मारामभाऊंना तो कपाशीच्या वेचणीत, घरबसल्या, महिन्याच्या आत ऐकू आला होता. वैद्यकात मात्र याचं नाव कर्णनाद. त्याला वैराग्य लागत नाही. कानात मळ साठला तरी पुरतो.

मी कानात बघायची बॅटरी खिशात टाकली आणि निघालो.

अंगणात शिरताच नाकानं वर्दी दिली. धूप होता, उदबत्ती होती आणि त्या दोघांना चीत करणारा एक तिसरा उग्र, गोडसर वास होता. ओसरीवर घोंगडीवर आत्मारामभाऊ बसलेले. समोर पंधरा-वीस माणसं. दोघं जण भाऊंचे पाय चेपत होते. किसनराव किराणावाले बाजूला वाटी घेऊन बसले होते आणि वाटीतलं कोमट तेल पळीपळीनं गुडघ्यांवर सोडत होते. वर एरंडाची गरम पानं बांधायची तयारी.

"या डाक्टरसाहेब, या!" किसनराव उठले. "तुमीबी पाह्यलंच पाह्यजे. चेहऱ्यावरचं तेज पाहा!"

मी पाहिलं. भाऊंना दरदरून घाम फुटला होता.

"अन् श्वास पाहा. कोनी शिकवला नाही. आपोआप प्रानायाम चालू हाये!"

भाऊंची छाती भात्यासारखी चालली होती. खोल आणि भराभर.

"अन्न तं सुटलंच. भाकर दिसली का मान फिरवते. अन् संसाराची गोष्ट काढा, कानावर घेतच नाहीत!"

"आत्मारामभाऊ!" मी म्हणालो. उत्तर नाही. "आत्मारामभाऊ!" मी ओरडलो.

"कोन?" भाऊ मंद हसले.

वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. भक्तीचा नव्हे, परीक्षेचा. घाम, खोल श्वास, मळमळ, कानात आवाज, ऐकू कमी येणं. फार्माकोलॉजीच्या पुस्तकातलं एक अख्खं पान किसनराव मला तोंडपाठ म्हणून दाखवत होते, आणि पानाचं शीर्षक होतं: सॅलिसिलेट अंगात जास्त झाल्याची लक्षणं.

मी कान तपासले. स्वच्छ. मग ट्यूनिंग फोर्क काढला. हा पोलादी चिमटा ठोकून कानाशी धरला की गुंजतो, त्यावरून ऐकण्याची परीक्षा होते. भाऊंनी तो बराच वेळ ऐकला, की ऐकलाच नाही, देव जाणे. म्हणाले, "हा बाहेरचा हाये साहेब. माह्या याच्याहून गोड हाये."

"केव्हा सुरू होतो?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"सकायी पूजा करतो. तीर्थ घेतो. बसतो. घटकाभरात सुरू."

"कसलं तीर्थ?"

भाऊंनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. बाळकृष्ण, त्याच्या शेजारी घंटी, आणि घंटीशेजारी, हळदीकुंकू लावलेली, माझी बाटली.

मला खुर्ची नव्हती म्हणून मी खांब धरला. प्रकार असा होता. पूजेआधी तोंडात काही घालायचं नाही असा भाऊंचा नेम. म्हणून औषध पूजेनंतर. पूजेनंतर घ्यायचं तर ते तीर्थासारखंच, तळहातावर, तीनदा, मिटल्या डोळ्यांनी.

"आणि ती पट्टी? तो दात?"

"तीर्थाले काय मोजाचं, साहेब?"

"पण बाटली एवढी पुरली कशी?"

 दुसऱ्या रांगेतल्या एका माणसानं मान खाली घातली. त्याच्या हातात टाळ होते. ते आमचे वानखडे होते.

"महाराजायसाठी बाटली भरून मागत, तं नाही कसं म्हनाव साहेब?" ते पुटपुटले.

मग मी किसनरावांची वाटी उचलून हुंगली. गंधपुऱ्याचं तेल. आता ही गंमत ऐका. गंधपुऱ्याच्या तेलात मुख्य माल सॅलिसिलेटच असतो आणि तो कातडीतून आत शिरतो. गरम करून चोळलं, वर पानं बांधली, की आणखी जोरात शिरतो. म्हणजे भाऊंना नाद ऐकू आला म्हणून भक्त जमले. भक्तांनी पाय चेपले म्हणून नाद वाढला. नाद वाढला म्हणून भक्त वाढले. असं यंत्र मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

पण ते थांबवणं भाग होतं. याच्या पुढची पायरी म्हणजे बरळणं, झटके, बेशुद्धी. पुनवेला हा माणूस घर सोडणार, सोबत बाटली घेणार आणि गावोगाव नवे लोक पाय चेपणार. तो पुढच्या पुनवेपर्यंत टिकला नसता.

अंगणाबाहेर येऊन मी गिरजाबाईंना आणि वानखड्यांना सगळं सांगितलं. गिरजाबाई म्हणाल्या, "मंग जाऊन सांगा ना तसं!"

वानखडे घाबरले. "साहेब, तुमचा देव बाटलीतला हाये, असं त्या लोकायपुढं बोलान, तं तुमची बदली सरकारले करा नाही लागनार. लोकंच करतीन. आजच!"

खरं होतं. आणि लोकांचं सोडा, ज्याला आतून गोड वाजतंय तो माणूस माझं ऐकेल कशाला? शिवाय त्याला ऐकू येतच नव्हतं.

मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा नारदाचं काम केलं होतं. ती विद्या त्या दिवशी कामी आली. मी पुन्हा अंगणात शिरलो, भाऊंच्या समोर हात जोडले आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "महाराज, एक शंका आहे. या पामराला समजावून द्या."

किसनरावांनी माझी शंका भाऊंच्या कानात ओरडायची तयारी केली.

"ज्यानं देहाची आसक्ती सोडली, त्यानं गुडघ्यासाठी औषध घ्यावं का? आणि चार लोकांकडून पाय चेपून घ्यावेत का?"

किसनराव शब्दनशब्द भाऊंच्या कानात ओरडले. मग त्यांनीच वाटी हळूच मागे सरकवली. भाऊंनी डोळे मिटले, उघडले. माझा प्रश्न त्यांच्या वर्मी बसला होता. बिचारा प्रामाणिक माणूस!

"साहेब खरं बोलून राह्यले," ते म्हणाले. "आजपासून माह्या पायाले कोनी हात लावाचा नाही. अन् थे बाटली घेऊन जा."

"आणि महाराज, पुनवेपर्यंत जलव्रत करावं. लिंबू-साखर-मीठ घातलेलं पाणी, तांब्यामागून तांब्या. त्यात मी देतो तो सोडा." खाण्याच्या सोड्यानं हे विष लघवीवाटे लवकर बाहेर पडतं. व्रताला सोडा चालतो का, असं कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, सोडा खनिज आहे, धान्य नव्हे. दाराआड गिरजाबाईंनी तोंडात पदर कोंबलेला मला दिसत होता.

एरंडाची पानं सोडली, गुडघे साबणानं धुवून काढले. मी सकाळ-संध्याकाळ दर्शनाच्या नावाखाली जाऊन नाडी बघायचो. घाबरलो होतो, हे लपवत नाही. वरून नारद, आतून नुसती धाकधूक. पण दुसऱ्या दिवशी श्वास उतरला. घाम आटला, तसं किसनरावांना तेज कमी झाल्यासारखं वाटू लागलं. मग भाऊंनी ठेचा मागितला. भक्त एकमेकांकडे बघायला लागले.

आणि एका सकाळी गिरजाबाई धावत दवाखान्यात आल्या. ओपीडीची रांग तोडून थेट आत.

"ऐकू आलं!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी चुलीपाशी बसून हळूच एक शिवी देली. हळूच! अन् वसरीवरून आवाज आला, काय म्हनलीस वं?" आणि त्या मटकन खाली बसून रडायला लागल्या. नवऱ्याला शिवी ऐकू आली म्हणून इतक्या आनंदानं रडणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

पाठोपाठ भाऊ आलेच. काठी टेकत, लंगडत. गुडघे पुन्हा ठणकत होते. मागे किसनराव आणि चार-सहा जण.

"साहेब," भाऊ बाकावर बसले.  "गेला. आतून सारं सामसूम झालं. माह्यं काय चुकलं?"

तेव्हा मात्र मी नाटक बंद केलं. त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळं सरळ सांगितलं. बाटली, तीर्थ, तेल, कान. त्यांची भक्ती खोटी नव्हती, आवाज तेवढा औषधाचा होता, हेही सांगितलं.

"म्हंजे सारा नाद बाटलीतला?" किसनराव ओरडले.

"अर्धा बाटलीतला. अर्धा तुमच्या तेलातला."

किसनरावांनी स्वतःचे तळहात हुंगले. "तरीच! मलेबी त्या दिवसांत वाजल्यासारखं वाटे. म्या म्हनलं, गुरुकृपा झाली!" चोळणाऱ्याच्या कानात वाजतं असं काही माझ्या पुस्तकात नव्हतं, पण मी त्यांना लिंबूपाणी सांगितलं.

आता धडा, कारण वैद्यकीय माणसानं धडा न देता उठायचं नसतं. ॲस्पिरिनच्या घराण्यानं कानात लावलेला आवाज बहुतेक वेळा औषध थांबलं की थांबतो. मलेरियाच्या कोयनेलचंही बहुधा तसंच. पण टीबीची स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं कानाच्या नसेला धरली, तर गेलेलं ऐकणं परत येईलच असं नाही. म्हणून कोणत्याही औषधावर असताना कानात वाजायला लागलं, तर मनानं औषध वाढवू नका, मनानं बंदही करू नका. डॉक्टरकडे जा. आणि जाल तेव्हा घरातलं तेल, दुकानातली गोळी, शेजाऱ्यानं दिलेली पुडी, सगळं सांगा. डॉक्टरला फक्त त्याची स्वतःची बाटली माहीत असते.

भाऊंनी घर सोडलं नाही. पुनव आली आणि गेली. मुलीच्या लग्नात ते खुर्चीवर बसून पाहुण्यांना ओरडत होते. गुडघ्यांसाठी मी पुढं कमी डोस दिला, तोही चमच्यानं, गिरजाबाईंच्या हातून. बाटली फडताळात, देव देव्हाऱ्यात.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं. माझं सांगून झाल्यावरही भाऊ बाकावरच बसून होते. किसनराव निघाले. वानखडे उगाचच खलबत्ता पुसत होते. गिरजाबाईंनी डोळे पुसून नवऱ्याच्या हातात काठी दिली. "चाला घरी. भाकर थंडी होऊन राह्यली." भाऊ उठले, लंगडत दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर थबकले, मागे वळले, औषधाच्या कपाटाकडे एकदा डोळे भरून पाहिलं, आणि बायकोच्या देखत, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मंग साहेब, निदान एकादशीले तरी उलीसं थेंबभर तीर्थ देत जा ना!"